चार वाजून दहा

उएन, तू दालातहून आलीस,
बुटांना अजून तिथली तांबडी माती, गळ्यात कॅमेरा,
आणि टेकायच्या आधीच विचारलंस,
मावशी, सैगॉनमध्ये फोटो कुठे चांगले येतात?

कुणाला विचारतेस?
मी अडतीस वर्षं या बोळात बसून
गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करते.

बरं, लिहून घे.
फुलांचा बाजार, रात्री दोनला.
शेवंतीचे भारे ट्रकमधून उतरतात
तेव्हा हमाल वर बघत नाहीत. हवे तितके काढ,
फक्त पायात येऊ नकोस, शिव्या खाशील.
कालव्यावरचा पूल, पहाटे साडेपाच.
म्हाताऱ्या हात हलवत उभ्या असतात,
त्यातल्या निळ्या टोपीवालीला, दाउला, आधी विचार.
ती नाही म्हणेल. परत विचार.
चो-लोनच्या देवळात अकराला जा,
छताला टांगलेल्या उदबत्तीच्या वेटोळ्यांमधून
ऊन धुरात उतरतं.
तो फोटो सगळेच काढतात. तूही काढशील,
राहवणार नाही.

आणि सहा रस्त्यांचा चौक, दिवेलागणीला.
खांबाला टेक, शटर सावकाश ठेव,
मोटारसायकलींच्या लाल-पिवळ्या रेघा होतील.
त्यातल्या एका रेघेत कुणी पाठीला फ्रिज बांधून चाललाय,
एकीत कुणी बापाला मध्ये बसवून दवाखान्यात नेतोय.
रेघेत ते दिसत नाही.

माझं काम नेमकं तिथून सुरू होतं.
एखादा मुलगा येतो, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो घेऊन,
अगदी कडेला बोट ठेवतो.
ही. आई.
आई अर्धीच आलेली असते,
हातात ताट, तोंड स्वयंपाकघराकडे.
मी तिला गर्दीतून कापून काढते,
ताट पुसते, मान सरळ करते,
दुसऱ्याच बाईचा रेशमी आओ-झाय तिला चढवते,
मागे निळं आभाळ भरते.
सत्तर वर्षं या शहरात काढली
आणि एकदाही पुरती फोटोत आली नाही.
मुलगा बघत राहतो. म्हणतो,
हो, अशीच होती.

नव्हती.
बदकाची अंडी मी तिच्याकडूनच घ्यायचे.

म्हणून माझी जागा मी आधीच हेरून ठेवली.
समोरची जुनी इमारत, तिसऱ्या मजल्याचा जिना,
पाण्याच्या पिंपाशेजारची पायरी.
चार वाजून दहा मिनिटांनी
पलीकडच्या पत्र्यावर आपटून ऊन आत येतं,
हिरव्या भिंतीवर सात-आठ मिनिटं थांबतं.
सुरकुत्या राहतात, थकवा तेवढा जातो.
असा उजेड दिव्यांनी जमत नाही,
मी पैसे घालवून बघितलेत.

काल तुला तिथे नेलं.
जांभळा ब्लाउज, ओठांना सुनेची लिपस्टिक.
मी बसले, हनुवटी आत घेतली,
आणि नेमका न्घिया सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आला.
काकू, कुठलं स्थळ आलंय?
मी हसले, पडक्या दातासकट,
आणि तू बटण दाबलंस.

हा नको, म्हटलं, दुसरा काढ.
तू काढलेस. चार काढलेस.
चारीत मी ताठ बसले आहे, तोंड मिटून,
गिऱ्हाइकांच्या आयांना बसवते तशी.

पहिला पुसला नसशील
तर तेवढा पाठव.

आणि परत यायचं असेल तर फार दिवस लावू नकोस.
पत्र्यामागे क्रेन उभी राहिली आहे,
आठव्या मजल्याचा गिलावा चाललाय.
आज मी घड्याळ घेऊन जिन्यात बसले होते.
ऊन चार बाराला आलं,
चार पंधराला गेलं.